पहिली-दुसरीला शिकवायचंय? पुण्यातल्या ताई, बाई आणि सरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही बालवाडी ते दुसरीपर्यंत शिकवणाऱ्यांसाठी पुण्यात शनिवारी वर्ग घेतो. जून जवळ आला की तेच ते प्रश्न येतात: फोनवर, वर्ग सुटल्यावर जिन्यात, रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर. एकदाच नीट लिहून काढावं म्हणून हे पान. लिहिणारी मी अकरा वर्षं पहिलीची बाई होते, पुढे डी.एड. कॉलेजात गेले. नियम जिथे लागतात तिथे नियम दिले आहेत. बाकी ठिकाणी माझी मतं आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत.

मला लहान मुलं खूप आवडतात. तेवढ्यावर हे काम जमेल का?

आवड हवीच. पण आवड साडेअकरापर्यंत टिकते. साडेअकराला एकाला शू लागलेली असते, दोघं एका पेन्सिलीवरून भांडत असतात, एक बाकावर झोपलेलं असतं आणि एक मघापासून खिडकीतून रिक्षा मोजत असतं. तेव्हा कामी येते ती समज, की हे मूल आत्ता असं का करतंय.

सातवीतल्या मुलाला कळलं नाही तर तो म्हणतो, "सर, परत सांगा ना." पहिलीतलं मूल असं म्हणत नाही. ते चुकतं. चूक हाच त्याचा प्रश्न विचारण्याचा प्रकार असतो. ती चूक वाचता यायला हवी. माझ्या मते लहान वर्गाच्या शिक्षकाची खरी तयारी ती एवढीच, आणि ती करायला बरीच वर्षं लागतात.

पहिलीला शिकवायला कागदोपत्री काय लागतं?

पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका. जुने लोक अजून तिला डी.एड.च म्हणतात, मीही म्हणते. एनसीटीईच्या, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, नियमात प्रवेशासाठी बारावीला किमान ५० टक्के आहेत, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. त्यानंतर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर एक: १५० प्रश्न, १५० गुण, उत्तर चुकलं तर गुण कापत नाहीत. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकाला ३० गुण. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, राखीव प्रवर्गांना ५५. आपल्याकडे ही परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते आणि तिचं कार्यालय पुण्यातच आहे. एकदा उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. पूर्वीची सात वर्षांची मुदत २०२१ मध्ये काढून टाकली.

सरकारी किंवा अनुदानित शाळेत नोकरी हवी असेल तर पुढे अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट. २०० गुणांची. नावातच गोंधळ आहे: टीईटी वेगळी, टेट वेगळी, आणि दर वर्षी कुणी ना कुणी एकीचा अभ्यास करून दुसरीचा अर्ज भरतं. टेटच्या गुणांवर राज्याच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड होते. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. २०२३ पासून प्राथमिकला महिना १६,००० रुपये मानधन आहे. त्याआधी ते ६,००० होतं, हे नव्या मुलींना सांगितलं तर खरं वाटत नाही.

माझं बी.एड. झालंय. डी.एड. तर त्याहून खालचं, मग पहिली मला चालेल ना?

नाही चालणार. एनसीटीईने २०१८ मध्ये बी.एड.वाल्यांना प्राथमिकची दारं उघडली होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात ती बंद केली. बी.एड. ही माध्यमिकच्या मुलांना शिकवण्याची तयारी आहे, लहान मुलांना शिकवण्याचं शास्त्र तिच्यात नाही, असा त्याचा गाभा. त्या तारखेच्या आधी नेमणूक झालेल्यांसाठी पुढे सहा महिन्यांच्या सेतू अभ्यासक्रमाची सोय झाली.

निकालाने नोकरीची वाट बंद झालेल्या किती तरी मुली आमच्याकडे आल्या, काहींनी कर्ज काढून बी.एड. केलं होतं. त्यांचं दुःख खरं आहे. तरी निकालातलं तत्त्व मला पटतं. तुमच्या प्रश्नातला "त्याहून खालचं" हा शब्दच सगळं सांगतो. मूल जितकं लहान तितकं शिकवणं सोपं, हा समज आपल्याकडे इतका मुरलाय की शाळेतही नवख्या बाईला पहिली देतात आणि अनुभवी सरांना सातवी. मुख्याध्यापक असते तर मी नेमकं उलटं केलं असतं.

मी पंधरा वर्षं नोकरीत आहे, टीईटी दिलेली नाही. आता काय?

१ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्यांनाही टीईटी लागू केली. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असेल तर दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचं. पाच वर्षांहून कमी उरली असतील तर नोकरी राहते, पण टीईटीशिवाय बढती मिळत नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेलाय. तुम्ही पेपर एकच्या अभ्यासाला लागा. शिकवून शिकवून तुम्हाला त्यातलं अर्धं येतंच, राहिलेलं अर्धं म्हणजे त्याची पुस्तकी नावं.

बालवाडी किंवा ज्युनिअर-सिनिअर केजीला शिकवायचं असेल तर?

इथे चित्र विचित्र आहे. एनसीटीईच्या यादीत पूर्वप्राथमिकसाठी दोन वर्षांची वेगळी पदविका आहे, डीपीएसई. पण गल्लीतल्या खासगी नर्सरीत ती कुणी विचारत नाही. "इंग्रजी बोलता येतं का" एवढं विचारतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत स्तर धरला, म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एका धाग्यात. कागदावरचा हा धागा शाळेपर्यंत पोचायला वेळ लागणार.

माँटेसरीचे आणि "नर्सरी टीचर ट्रेनिंग"चे वर्ग पुण्यात पेठेपेठेत सापडतात. फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: यात प्रत्यक्ष मुलांसोबत किती दिवस? उत्तर "शेवटी एक प्रदर्शन असतं" असं आलं, तर चहा पिऊन परत या.

अंगणवाडी सेविकेचं काम वेगळं आणि जास्त. वजन-उंची, लसीकरणाचा पाठपुरावा, आहार, फोनवर पोषण ट्रॅकरची माहिती, आणि उरलेल्या वेळात "शिक्षण". राज्याचा 'आकार' हा बालशिक्षण अभ्यासक्रम चांगला आहे. तो वापरायला सेविकेला सलग दोन तास मिळतात का, हा खरा प्रश्न.

ज्यांना हे काम कमी प्रतीचं वाटतं त्यांना मी एक आठवण करून देते. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढे बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांना घेऊन आदिवासी मुलांची बालवाडी चालवली. मुलं शाळेत येईनात म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरांमागे गेली तर कुरणात नेली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला आली, म्हणजे अंगणात शाळा भरवण्याच्या या प्रयोगानंतर कितीतरी वर्षांनी.

वाचन शिकवताना अ, आ, इ, ई पासूनच सुरुवात करायची ना?

सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतात, म्हणून जरा सविस्तर.

वर्णमालेचा क्रम सुंदर आहे. कंठापासून ओठांपर्यंत आवाज कुठून निघतो त्यानुसार लावलेला. पण तो भाषेचा अभ्यास करणाऱ्याच्या सोयीचा आहे, सहा वर्षांच्या मुलाच्या सोयीचा नाही. त्या क्रमाने गेलात तर मूल ऋ आणि ङ गिरवून दमतं, आणि दिवाळी आली तरी त्याला स्वतःहून एक शब्द वाचता येत नाही. वाचनाची मजा पुढे ढकलायची आणि कष्ट आधी घ्यायचे, असा हा व्यवहार.

त्यापेक्षा चार अक्षरं घ्या: क, म, न, ल. आणि एक काना. आता बघा काय काय होतं. काका, मामा, नाना, नाक, कान, मान, काम, लाल, काल, कमाल. पहिल्या पंधरवड्यात मूल "मामाला लाल नाक" हे वाक्य स्वतः वाचतं आणि खदखदून हसतं. ते हसलं म्हणजे त्याला अर्थ कळला. वाचन झालं. मग र, स, प, ट आणि पहिली वेलांटी असं वाढवत न्यायचं. असे अक्षरगट महाराष्ट्रात बरेच जण वापरतात. गट कुठला घेता यापेक्षा पहिल्या आठवड्यातच खरे शब्द मिळतात का, ते पाहा.

अर्थात ही अक्षरं येण्याआधी बोलणं यायला हवं. रोज एक गोष्ट, मोठ्याने, पुस्तक मुलांकडे धरून. रोज गप्पा: काल रात्री पाऊस आला तेव्हा घरी काय झालं? पाच-सहा वर्षांचं मूल शब्दांचे आवाज सुटे करायला शिकतं ते बडबडगीतातून आणि यमकांतून. "कमळमधलं पहिलं काय ऐकू येतं?" हा खेळ वहीशिवाय होतो, रांगेत उभं असतानाही.

एक खोच सांगते, पुस्तकात ती सहसा नसते. मूल 'कमळ' वाचताना "कऽ... मऽ... ळऽ" असं ओढून म्हणतं आणि हा कुठला शब्द ते त्याला ओळखू येत नाही, कारण बोलताना आपण शेवटचा ळ तोडून म्हणतो. अशा वेळी "परत वाच" म्हणून उपयोग नाही. "आता पटकन म्हण बरं" असं सांगा. डोळे चमकतात.

मूल चुकलं की लगेच दुरुस्त करायचं की सोडून द्यायचं?

आधी चूक वाचायची. मग ठरवायचं.

माझ्या वर्गात एक मुलगा 'किरण' हा शब्द दर वेळी 'करिण' असा लिहायचा. आधीच्या बाईंनी त्याच्या वहीत "लक्ष नाही" असा शेरा मारला होता. मी त्याला लिहिताना बघितलं, नुसतं लिहिलेलं नाही. तो आधी क काढायचा, मग "इ" असं पुटपुटत पुढे वेलांटी काढायचा, मग र आणि ण. त्याने आवाज अगदी बरोबर क्रमाने ऐकले होते आणि त्याच क्रमाने उतरवले होते. आपल्या लिपीत पहिली वेलांटी बोलताना नंतर येते आणि लिहिताना आधी, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आमचं बोलणं दोन मिनिटांचं झालं. वहीवरचा शेरा मात्र वर्षभर राहिला.

'पानी' लिहिणारं मूल घरी ऐकतं तसं लिहितं. 'पाणी' हे पुस्तकातलं, 'पानी' हे घरातलं, दोन्ही शब्द आहेत असं सांगा. घरच्या बोलण्याला अशुद्ध म्हटलंत तर मूल लिहिणं थांबवत नाही, आधी बोलणं थांबवतं. आणि न बोलणाऱ्या मुलाची चूकही तुम्हाला वाचायला मिळत नाही.

अक्षर उलटं काढणं सहाव्या-सातव्या वर्षी सर्रास असतं. दुसरीच्या शेवटीही तेच चालू असेल, आणि सोबत वाचनातही मूल फार अडत असेल, तर पालकांशी बोलून तज्ज्ञांना दाखवा. निदान आपण करायचं नाही.

गणितात मुलं पंचवीसचे ५२ का लिहितात?

कारण ती नीट ऐकतात. पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतो आणि वीस नंतर. मूल तसंच लिहितं. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला हा त्रास फक्त तेरा ते एकोणीसमध्ये होतो, आपल्याला नव्व्याण्णवपर्यंत. त्यात आणखी एकोणतीस: नावात तीस आहे आणि लिहायचा दोन. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणनव्वद असं सगळं नियमाने चालतं आणि मग अचानक नव्व्याण्णव. मुलाने "एकोणशंभर" म्हटलं तर हसू नका, त्याने नियम बरोबर लावलाय.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक', बावीसला 'वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर थट्टा झाली, विधानसभेपर्यंत विषय गेला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की मूल कुठे अडतं ते पाहून हे केलंय. तेव्हा टिंगल करणाऱ्यांत माझे काही सहकारीही होते. पहिलीला शिकवणारा त्यांत एकही नव्हता. माझा अनुभव असा, की दोन्ही नावं शेजारी ठेवली तर मुलं गोंधळत नाहीत: बाजारात पंचवीस, काड्या मोजताना वीस आणि पाच.

काड्या मात्र हव्यातच. दहा काड्यांचा गठ्ठा मुलाने स्वतः रबर लावून बांधला पाहिजे आणि सुट्या कमी पडल्या की स्वतः सोडला पाहिजे. दशक-एकक त्या रबरात असतं. तयार प्लॅस्टिकचे दशक-दांडे आणले की मूल त्यालाही एक वस्तूच समजतं.

त्याआधीची एक पायरी बहुतेक जण ओलांडून जातात. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलासमोर सात चिंचोके ठेवा. मोजून झालं की विचारा, "मग किती आहेत?" काही मुलं पुन्हा एकपासून मोजायला लागतात. शेवटी म्हटलेला सात म्हणजे सगळे मिळून सात, हे अजून उमजलेलं नाही. अशा मुलाला बेरीज देणं म्हणजे पाया खणायच्या आधी पत्रे टाकणं.

डी.एल.एड.मध्ये हे सगळं शिकवतात का?

काही कॉलेजात शिकवतात. बऱ्याच ठिकाणी दोन वर्षं पाठ-टाचणं काढण्यात आणि कार्डशीट कापण्यात जातात. सराव पाठ म्हणजे वीस मिनिटांचं नाटक, मागे बाई गुणपत्रिका घेऊन बसलेल्या आणि वर्गातल्या हुशार मुलांना आधीच पढवलेलं. मी स्वतः अशी गुणपत्रिका घेऊन बसले आहे, तेव्हा यात माझाही वाटा आहे.

शाळेतल्या आंतरवासितेच्या, म्हणजे प्रत्यक्ष वर्गात राहून शिकण्याच्या, आठवड्यांचा मात्र सोन्यासारखा उपयोग करून घ्या. वर्गातलं एक मूल निवडा. हुशार नको, त्रास देणारंही नको, ज्याचं नाव बाईंना पटकन आठवत नाही असं. रोज त्याच्याबद्दल पाच ओळी लिहा: काय म्हणालं, काय लिहिलं, कुठे थांबलं. "आळशी आहे", "गोड आहे" असे शेरे लिहायचे नाहीत, डोळ्यांना दिसलं तेवढंच. महिन्याने ती वही वाचलीत की तुम्हाला त्या मुलाबद्दल जे कळलेलं असेल ते कुठल्या पाठ-टाचणात मावणार नाही.

घरची भाषा मराठी नसलेली मुलं वर्गात असतील तर?

पुण्यात हे आता सगळीकडेच आहे. वाघोली, हिंजवडी, चाकण, कुठेही इमारतीच्या कामाजवळची शाळा घ्या: कन्नड, तेलुगू, लमाणी, ओडिया, बिहारकडची हिंदी. काम संपलं की कुटुंब उठतं, मूलही जातं.

आमच्या एका ताईंच्या बालवाडीत एक मुलगी दोन दिवस रडत "नीरु, नीरु" म्हणत होती. ताईंना वाटलं बहिणीचं नाव असेल, त्या नीरूला शोधत बसल्या. तिला पाणी हवं होतं. तेव्हापासून आम्ही सांगतो की वर्गात जितक्या भाषा असतील त्या प्रत्येकीतले दहा शब्द भिंतीवर लिहून ठेवा, देवनागरीत: पाणी, शू, भूक, दुखतंय, आई, ये, बस, घाबरू नको. पालकांकडून विचारून घ्या. आई-बापांना बाई आपल्याला काही तरी विचारतेय याचंच अप्रूप वाटतं.

मूल पहिले काही महिने बोललं नाही तर ते मठ्ठ नाही, ऐकतंय. त्याला मराठीतच उत्तर द्यायला लावू नका. बोटाने दाखवू दे, चित्र काढू दे, त्याच्या भाषेत सांगू दे आणि शेजारच्या पोराला दुभाष्या होऊ दे. अशा मुलांसाठी डोअर स्टेप स्कूल आणि तारा मोबाईल क्रेशेस या संस्थांनी पुण्यात बरंच काम केलंय.

पालक म्हणतात, "केजीत लिहून घेत नाहीत म्हणजे शिकवत नाहीत." काय सांगू?

त्यांना चार वर्षांच्या मुलाचा हात दाखवा. मनगटातली बरीचशी हाडं त्या वयात अजून कूर्चेच्या अवस्थेत असतात, पुढे काही वर्षांत हळूहळू कठीण होतात. लिहिण्याची तयारी म्हणजे मटार सोलणं, मणी ओवणं, कणकेचा गोळा मळणं, चिमटीने रांगोळी सोडणं, मातीत बोटं घालणं. हे आजीला सांगायला लागत नाही, आईबाबांना लागतं.

वयाचाही हिशोब मांडून दाखवा. राज्यात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत. म्हणजे जूनमध्ये वर्गात साडेपाच वर्षांचंही मूल असतं आणि साडेसहाचंही. त्या वयात एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. शेजारच्या अद्वैतशी तुलना करण्याआधी अद्वैतचा जन्ममहिना विचारा, असं मी पालकसभेत सांगते. थोडी शांतता पसरते.

वर्गात पन्नास मुलं आहेत. किंवा उलट: भोरच्या शाळेत एकूण बाराच मुलं, पण चार इयत्ता.

शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक आहे. खासगी शाळेत पन्नास असतील तर मुख्याध्यापकांना हा आकडा कुणी तरी दाखवायला हवा. दर वेळी तो नव्या बाईनेच दाखवावा असं मी म्हणणार नाही. तोवर पन्नास जणांचे पाच गट करा. रोज एकाच गटाजवळ मांडी घालून बसा, बाकीच्यांना आपापलं करता येईल असं काम द्या. आठवड्यात प्रत्येक मूल एकदा तरी तुमच्या डोळ्यांसमोर येतं. फळ्यापाशी उभं राहून ते होत नाही.

भोर-मुळशीकडच्या द्विशिक्षकी शाळांत इयत्ता विसरा. वाचनाच्या आणि गणिताच्या तासाला कुणाला काय येतं त्यावरून गट पाडा. तिसरीतलं मूल पहिलीतल्याला गोष्ट वाचून दाखवतं तेव्हा तिसरीतल्याचंच वाचन जास्त सुधारतं.

निपुणच्या चाचण्या, नवा अभ्यासक्रम... हे सगळं सांभाळून शिकवायचं कधी?

तक्रार रास्त आहे. पण निपुण भारतचं मूळ उद्दिष्ट वाचा: जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या या मोहिमेला २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यायला आणि साधं गणित यायला हवं आहे. यात वावगं काही नाही. मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणाऱ्या असरच्या २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. तेव्हा गरज आहेच.

माझा आक्षेप घड्याळाला आहे. मिनिटाला साठ शब्द हे लक्ष्य ठेवलं की काही शाळांत मुलांना पळवायचा सराव सुरू होतो. मूल वाचून थांबलं आणि म्हणालं, "बाई, पण कोल्हा खोटं बोलला ना?" तर घड्याळ हरतं आणि मूल जिंकतं. तुमच्या नोंदवहीत दोन्ही लिहा.

२०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा मात्र मिळवून वाचाच. जाडजूड आहे. भाषा आणि गणिताच्या दिवसाची आखणी कशी करावी तेवढी प्रकरणं आधी वाचा.

साहित्यावर किती खर्च करावा?

फार नाही. चिंचोके, काड्या, बाटल्यांची झाकणं, जुनी कॅलेंडरं. भातुकली तुळशीबागेत, रिकामे डबे नि गोण्या बोहरी आळीत, गोष्टींची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात. पैसे उरले तर तेही पुस्तकांवर घाला, थर्माकोलवर नको.

पुरुषांना बालवाडीत कोणी घेतं का?

कमी घेतात, आणि पालकही बिचकतात. आमच्या वर्गाला येणारे दोन सर उत्तम गोष्ट सांगतात. दार उघडं ठेवणं, मुलांची स्वच्छता सेविकाताईंसोबत करणं, पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, माहीत असणं, हे बाई असो वा सर, सगळ्यांनाच सारखं लागू आहे.

पुण्यात चांगलं काम प्रत्यक्ष कुठे बघायला मिळेल?

कुमठेकर रस्त्यावर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे, सेनापती बापट रस्त्यावर बालभारती. जिल्ह्याची प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, लोणी काळभोरला. कागद आणि पुस्तकं इथे. पण वर्ग बघायचा असेल तर अक्षरनंदनसारखी शाळा किंवा गरवारे बालभवन. आधी पत्र पाठवा, परवानगी घ्या, मोबाईल पिशवीत ठेवा आणि मागे जमिनीवर बसा. खुर्चीवर बसलेल्या पाहुण्याकडे मुलं बघत राहतात.

आणि घराजवळची महापालिकेची शाळा विसरू नका. एखाद्या वर्गातून हसण्याचा आवाज येत असेल तर त्या बाईंना विचारा, "एक दिवस बसू का?" बहुतेक हो म्हणतात. त्यांनाही कुणी कधी विचारलेलं नसतं.

पहिल्या दिवशी मूल थांबतच नाही रडायचं. काय करू?

"आई पाच मिनिटांत येते" असं सांगू नका. पाच मिनिटांनी ती येत नाही, आणि तुमचा शब्द तिथेच फुकट जातो. खरं सांगा: गोष्ट होईल, मग डबा, मग खेळ, मग आई. फळ्यावर ही चार चित्रं काढा आणि एकेक झालं की मुलाच्या हाताने पुसा. आईलाही लपून पळू देऊ नका, टाटा करून जाऊ दे.

रडणाऱ्याला कुशीत घ्यायचं की नाही ते मूलच सांगतं, त्याच्या अंगाच्या ताठरपणावरून. काहींना फक्त जवळ बसलेलं चालतं. माझ्या वर्गात एक पोर आईचा रुमाल खिशात घेऊन यायचं, मधेच काढून हुंगायचं. मी काही बोलले नाही. दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी रुमाल घरीच राहिला, आणि ते त्याच्या ध्यानात आलं थेट डबा खाताना, हात पुसायला काही सापडेना तेव्हा.